आंबवणाच्या भांड्याची शुद्धी

गृहिणीच्या हाताखालची भांडी दोन प्रकारची चाकरी करतात आणि या दोन चाकऱ्यांचे शिरस्ते परस्परांहून अगदी भिन्न असतात, ही गोष्ट नित्याच्या सवयीमुळे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. पहिली चाकरी अग्नीची. चुलीवर चढलेल्या पातेल्यात आमटी उकळते, भाजी शिजते, तेल कढते. त्या उष्णतेपुढे मागल्या वापरातून राहून गेलेल्या बहुतेक सूक्ष्म जीवांचा टिकाव लागत नाही, आणि म्हणून घासण्यात थोडीबहुत कसूर झालीच तर अग्नी ती पोटात घालतो. दुसरी चाकरी आंबवणाची. येथे सूक्ष्म जीवांना मारावयाचे नसते, त्यांनाच कामावर नेमावयाचे असते. त्यांच्यासाठी ऊब, ओलावा आणि अन्न यांची तजवीज करून, झाकण लावून, आपण रात्रभर किंवा कित्येक दिवस दूर राहतो. आणि या अवधीत जी मुभा नेमलेल्या जीवांना मिळते तीच बिनपरवाना आत शिरलेल्यांनाही मिळते. एकच भांडे जेव्हा आज पहिल्या चाकरीवर आणि उद्या दुसऱ्या चाकरीवर रुजू होते, तेव्हा मधल्या रात्री त्याचे नेमके काय करावे, हा प्रश्न दिसतो क्षुल्लक. परंतु त्याच्या उत्तरात रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि आपल्या आजीबाईंचे स्वयंपाकघर या तिघांचीही साक्ष काढावी लागते.

बार्शीसारख्या गावी हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांच्या पायथ्याशी वसलेली, अंबरीष राजाच्या रक्षणासाठी धावून आलेल्या भगवंताच्या मंदिरामुळे श्रद्धावानांच्या तोंडी ‘भगवंताची बार्शी’ झालेली आणि १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या अरुंद मापाच्या आगगाडीने बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडी स्थानकाला जोडली गेलेली ही पेठ धान्याच्या, विशेषतः ज्वारीच्या आणि तुरीच्या, उलाढालीवर वाढली. ज्वारी आली तेथे अंबील आली. ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर आंबत ठेवावे, सकाळी जिरे, लसूण आणि मीठ घालून शिजवावे आणि उन्हाच्या तलखीत गार करून प्यावे, हा या मुलखातील उन्हाळ्याचा जुना उपचार. याखेरीज घरोघरी विरजण आहे, लोणच्याच्या बरण्या आहेत, आणि उन्हाळी वाळवणांच्या दिवसांत कुरडयांसाठी तीन दिवस भिजत घातलेले, रोज पाणी बदललेले गव्हाचे पातेले आहे. लग्नसराईत येसरच्या आमटीने काठोकाठ भरलेले मोठे पातेले विसळून त्याच आठवड्यात मठ्ठ्यासाठी किंवा गहू भिजवण्यासाठी काढले जाते; आणि मग मठ्ठ्याला लसणाचा वास का आला, गव्हाच्या चिकावर तेलकट तवंग कोठून आला, असे प्रश्न उपस्थित होतात.

येथे एक खुलासा करणे प्राप्त आहे. पाश्चात्त्य देशांत घरगुती आंबवणाची भांडी म्हटली की मुख्यत्वे घरी बिअर करण्याची साधने डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करण्यास परवाना लागेनासा झाला. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याने १९७९ पासून एका प्रौढास वर्षाकाठी १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलनपर्यंत करमुक्त बिअर स्वतःच्या वापरासाठी करण्याची मुभा दिली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. आणि सोलापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर १९३० च्या चळवळीत शिंदीची झाडे तोडणे हा येथील सत्याग्रहाचा एक भागच होता. सबब बार्शीच्या घरात बिअरचे पिंप शोधू नये. परंतु परदेशी स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबात, जेथे कायद्याची आडकाठी नाही, असे चाळीस लिटरांचे पोलादी पिंप असेल, तर गणेशोत्सवाच्या पंगतीला तेच आमटीसाठी चुलीवर चढवण्याचा मोह होणे अगदी साहजिक आहे. आणि दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबापुढे जी अडचण उभी राहील, ती बार्शीतल्या मठ्ठ्याच्या पातेल्याच्या अडचणीहून तत्त्वतः मुळीच निराळी नाही.

या अडचणीचे शास्त्र पहिल्यांदा उकलले तेही एका बिघडलेल्या हौदाच्या निमित्ताने. १८५६ साली फ्रान्समधील लील शहरी बिगो नावाच्या कारखानदाराच्या, बीटापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यात काही हौदांतील रस मद्यार्क न होता आंबट होऊ लागला. त्याने त्या वेळी तेथे प्राध्यापक असलेल्या लुई पाश्चर यांना गाठले. पाश्चर यांनी दोन्ही प्रकारच्या हौदांतील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा चांगल्या हौदात यीस्टचे गोलसर कण आणि बिघडलेल्या हौदात त्यांहून कितीतरी लहान, काडीसारखे जीव त्यांच्या दृष्टीस पडले. पुढल्याच वर्षी लॅक्टिक आम्लाच्या आंबवणावरील त्यांचा निबंध आणि १८७६ साली बिअरविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आंबवण बिघडते ते दैवामुळे किंवा हवापालटामुळे नव्हे, तर नको असलेला जीव भांड्यात शिरल्यामुळे, हे त्यानंतर वादातीत झाले. यातील मौज अशी की, लीलच्या हौदात जो घुसखोर ठरला, त्याच कुळातले जीव बार्शीच्या विरजणात आणि अंबिलीत मानाचे पाहुणे आहेत. कोणताही जीव स्वभावतः चोर नसतो किंवा साव नसतो. कोणत्या पात्रात कोणाला बोलावले होते, एवढाच प्रश्न असतो. भांडे शुद्ध करण्याचा हेतू म्हणजे जगातील सर्व जीवांचा नायनाट नव्हे. ज्याला आमंत्रण आहे त्याला रिकामे घर मिळावे, इतकाच तो मर्यादित हेतू आहे.

यावरून भांड्याच्या शुद्धीचा एक साधा दंडक हाती लागतो. अग्नी आधी की आंबवण आधी, हे प्रथम पाहावे. अंबिलीत आंबवण आधी आणि शिजवणे नंतर. त्यामुळे रात्रीच्या भांड्यात एखादा आगंतुक शिरला तरी सकाळी त्याची गाठ उकळीशी पडते, आणि बिघाड झालाच तर तो बहुधा चवीपुरता राहतो. दह्यात क्रम उलटा. दूध आधी तापते, मग कोमट होते आणि मग त्यात विरजण पडते. बिअरमध्येही तसेच, सातूच्या मोडाचा काढा आधी उकळतो, मग थंड होतो, मग त्यात यीस्ट मिसळते. लोणच्यात अग्नी बहुधा फोडणीपुरताच, आणि तीही थंड करून घालावयाची. तेथे रक्षणाचा भार मीठ, आम्ल आणि तेल यांच्यावर. यांतून निष्पन्न होते ते असे की, ज्या पात्रातील जिन्नस अजून उकळायचा आहे, त्या पात्राला मळ आणि वास यांपासून मुक्त केले म्हणजे भागते. परंतु उकळी होऊन गेल्यानंतर पदार्थ ज्या ज्या पात्राला, नळीला, तोटीला, डावाला आणि झाकणाला स्पर्श करणार, त्या प्रत्येकाची शुद्धी काकणभर अधिक कडक असली पाहिजे. काढा उकळण्याचे पिंप पंगतीला दिले तर ते परत घेता येते. आंबवण्याचा डबा मात्र पंगतीला देऊच नये.

आता आमटी आपल्यामागे काय काय ठेवून जाते ते पाहू. पहिले म्हणजे स्निग्धांश. तर्रीचे तेल पातेल्याच्या काठावर, कड्यांच्या जोडांत आणि घासणीने पडलेल्या बारीक ओरखड्यांत पातळ थराच्या रूपाने बसते. त्या थराखाली जंतूंना आडोसा मिळतो, तो कालांतराने खवट होतो, आणि बिअरसारख्या पेयात तर स्निग्धांशाचा लेशही वरचा फेस टिकू देत नाही. दुसरे म्हणजे डाळीतील प्रथिने आणि पिष्ट, जी बुडाशी करपून घट्ट चिकटतात. तिसरे म्हणजे वास. हिंग आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये तेलात सहज विरघळतात, आणि धातूच्या अंगाला फारशी न लागता रबराच्या कड्यांत, प्लॅस्टिकच्या नळ्यांत मात्र मुरून बसतात. चौथा हळदीचा रंग. आणि पाचवे, बार्शीकरांना सर्वांत परिचित, म्हणजे पाण्याचा क्षार. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, ते वारंवार तापवले की भांड्याच्या आतल्या अंगाला पांढरट, खरखरीत थर धरतो, आणि त्या थराच्या छिद्राछिद्रांत वरील चारही वस्तू दडून राहतात.

इतक्या निरनिराळ्या मळांना एकच औषध लागू पडत नाही. शिवाय औषधांचा क्रम चुकला तर एकाचे काम दुसरे बिघडवते. पहिली पायरी थंड पाण्याची. दुधाचे पातेले आधी गार पाण्यात भिजत टाकावे, हा जुन्या बायकांचा आग्रह पूर्णपणे सशास्त्र होता. कारण प्रथिनांवर एकदम कढत पाणी पडले की ती गोठून भांड्याला अधिकच घट्ट धरतात. खरवड भिजून सुटली म्हणजे ती लाकडी उलथण्याने काढावी.

दुसरी पायरी गरम पाण्याची आणि अल्कलीची. चुलीची राख भांडी का स्वच्छ करीत असे, तर तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असते. अल्कली आणि तेल यांचा गरम पाण्यात संयोग झाला की तेलाच्या काही भागाचा साबण होतो आणि उरलेले तेल सुटून पाण्यात विखुरते. आज राख दुर्मीळ झाली असली तरी धुण्याचा सोडा कोणत्याही दुकानात मिळतो. दहा लिटर कढत पाण्यात मूठभर सोडा घालून भांडे अर्धा तास भरून ठेवावे, तोटी असल्यास तीही त्यातच सुटी करून टाकावी, हातांना रबरी मोजे असावेत, आणि मग मऊ चोथ्याने घासून भरपूर पाण्याने खळाळून धुवावे. खाण्याचा सोडा याहून पुष्कळ सौम्य असल्याने एवढ्या कामाला तो पुरा पडत नाही. रिठ्याचा फेसही तेल सोडवतो, पण क्षारयुक्त पाण्यातली साबणाची साय मागे ठेवत नाही, हा त्याचा जास्तीचा गुण.

भांड्यावरचे तेल खरोखर गेले की नाही, याची परीक्षा डोळ्यांना भासणाऱ्या चकाकीवर सोपवू नये. भांडे पाण्याने ओले करून तिरपे धरावे. पाणी अखंड चादरीसारखे सर्वत्र पसरून ओघळले तर स्निग्धांश गेला. ते जागोजागी फाटून थेंबाथेंबांनी जमू लागले तर तेथे तेल अजून ठाण मांडून आहे, असे समजून दुसरी पायरी पुन्हा करावी.

तिसरी पायरी आम्लाची. पांढऱ्या क्षारावर सोड्याचा उपाय चालत नाही. त्याला चिंचेचे पाणी, लिंबू, सिरका किंवा लिंबूसत्त्व लागते. चिंचेतील टार्टारिक आणि लिंबातील सायट्रिक आम्ल चुन्याच्या या थरावर पडले की बारीक बुडबुडे येतात, तो विरघळतो, आणि त्याबरोबर त्याच्या आश्रयाला राहिलेला मळही निराधार होतो. ही पायरी सोड्याच्या आधी घेण्यात अर्थ नाही, कारण तेलाच्या थराखालच्या क्षारापर्यंत आम्ल पोचतच नाही.

चौथी आणि शेवटची पायरी निर्जंतुकतेची, आणि तिच्याविषयीचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. मळ काढणे आणि जंतू मारणे ही दोन कामे आहेत. पहिले पुरे झाल्याशिवाय दुसरे सिद्धीस जात नाही. तेलकट भांड्यावर जंतुनाशक ओतले तर ते तेलावरून वाहून जाते किंवा मळाशीच झुंजून खर्ची पडते. घरगुती वापराला उकळते पाणी हेच सर्वांत निर्धोक साधन होय. बार्शी समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांवर उकळते. पण एवढ्या फरकाने काही बिघडत नाही, दहा मिनिटांच्या उकळीत आंबवण बिघडवणारे बहुतेक जीव मरतात. काही जंतूंची बीजे मात्र उकळीतूनही तगतात. आंबवणातून वाढणारे आम्ल आणि लोणच्यातील मीठ ही त्यांच्यावरची दुसरी चौकी, म्हणूनच लोणच्यात मिठाची काटकसर करू नये. ब्लीचिंग पावडरीचे पाणी वापरायचे झाले तर दोन ताकिदी लक्षात असाव्यात. ते पोलादी भांड्यात रात्रभर ठेवू नये, कारण क्लोरीन त्यास बारीक खड्डे पाडतो; आणि ते सिरका, लिंबू किंवा कोणत्याही आम्लाजवळ कदापि नेऊ नये, कारण त्या संयोगातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. शेवटी भांडे पुसू नये. फडके हे जंतूंचे आवडते वाहन आहे. ते पालथे घालून उन्हात वाळवावे, आणि ऊन हा जिन्नस तर बार्शीला भरपूर आहे.

भांडे कशाचे आहे यावरही हा कायदा थोडा बदलतो. पितळ आणि तांबे यांच्याशी आंबट पदार्थाची गाठ पडली की पदार्थ कळकतो, ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक होती. म्हणून अशा भांड्यांना कल्हई लागे. भांडे तापवून, नवसागराने त्याचे अंग निर्मळ करून, २३२ अंशांवर वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवण्याचे हे कसब आज विरळ होत चालले आहे. कल्हई उडालेल्या भांड्यात मात्र आंबवण कधीही करू नये. ज्याला आपण जर्मनचे भांडे म्हणतो त्या ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा खातो आणि आम्लही खाते. ते शिजवण्यापुरतेच ठेवावे. स्टेनलेस स्टीलचे सामर्थ्य त्यातील क्रोमियमच्या अदृश्य पापुद्र्यात असते. तारेच्या चोथ्याने तो ओरबाडला तर ओरखड्यांत मळ साचतो आणि लोखंडाचे कण मागे राहून गंज धरतो. मातीचे मडके सच्छिद्र असल्याने त्याला साबण दाखवू नये आणि तेलाच्या कामावर लावू नये. ज्या मडक्यात एकदा कालवण शिजले ते विरजणाला कायमचे मुकले. चिनी मातीच्या बरणीला गरम पाणी, कडक ऊन आणि शेवटी हिंगाची धुरी देण्याची चाल आहे. यांपैकी खरा कार्यभाग पहिल्या दोहोंचा असला तरी, धुरी द्यायची म्हणून बरणी कोरडीठाक केली जाते, आणि लोणच्याला तेच हवे असते.

प्लॅस्टिकच्या पिंपाची कथा निराळी. हळदीचा डाग काढण्यासाठी त्यावर सोडा टाकला तर तो तांबडा होतो. हळकुंडाला अल्कलीचा संस्कार देऊनच आपण कुंकू करतो, तेव्हा यात नवल नाही. असे पिंप दोन-चार दिवस उन्हात ठेवावे, हळदीचा रंग उन्हात विटतो. वास मात्र विटत नाही. कुकरच्या रबरी कडीला किंवा तोटीच्या वायसरला एकदा हिंग-लसणाचा दर्प लागला की ती कडी बदलणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. आणि तोटी म्हटली की ती पूर्ण सुटी करून प्रत्येक आटा स्वतंत्र घासलाच पाहिजे. बाहेरून लखलखणाऱ्या पिंपाच्या तोटीत आठवडाभरापूर्वीची आमटी निवांत वस्तीला असते, आणि मठ्ठ्याचा पहिला पेला तिच्यातूनच बाहेर येतो.

जुन्या घरांनी या सर्व खटाटोपाला एक सोपी बगल दिली होती. दुधाची दुधाणी निराळी, ताकाचा डेरा निराळा, लोणच्याची बरणी निराळी, आणि त्यांपैकी एकाही भांड्याला फोडणीचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, असा बंदोबस्त तेथे होता. त्या बंदोबस्ताला सोवळ्याओवळ्याच्या ज्या कल्पना चिकटल्या होत्या, त्यांतील माणसामाणसांत भेद करणारा भाग टाकून दिला हे उत्तमच झाले. परंतु भांड्याभांड्यांत केलेला भेद मात्र सर्वस्वी सकारण होता, आणि तो टाकून देण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. आज जागा अपुरी आणि भांडी महाग, सबब एकाच पातेल्याकडून दोन्ही चाकऱ्या घेणे भाग पडते, हे मान्य; तरी निदान ज्या मंडळांकडे, देवस्थानांकडे आणि मंगल कार्यालयांकडे शेकडो माणसांच्या पंगतीची भांडी आहेत, त्यांनी मठ्ठा आणि दही यांसाठी दोन-तीन पिंपे कायमची बाजूला काढून त्यांवर तसे ठळक अक्षरांत कोरून घ्यावे. आणि घरच्या गृहिणीने, किंवा हल्ली भांडी घासण्याचे काम बरोबरीने अंगावर घेणाऱ्या गृहस्थाने, एवढा क्रम ध्यानी ठेवावा: आधी गार पाणी, मग सोडा, मग आम्ल, मग उकळी, आणि शेवटी ऊन. यांतील एकही पायरी खर्चाची नाही; घाई तेवढी करून चालत नाही.